अर्ध्या किमतीचे पाहुणे

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या तुतझोर मोहल्ल्यातले सर्वांत वडीलधारे, आदरणीय एर्गश ओता. शहरातून खास वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, बांधकाम कंपनीचे संचालक शरीपोव साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते सत्कारमूर्ती, आपल्या मोहल्ल्याचे प्रमुख मामासोली अका. त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि ज्यांच्या तंदूरचं नान इथल्या प्रत्येकानं कधी ना कधी खाल्लं आहे त्या झुम्रदखान. आणि चायखान्याच्या या दालनात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, आयाबहिणींनो, मागे खांबांना टेकून उभ्या असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो,

मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. जन्मभर भूगोल शिकवलेल्या बाईला चार शब्द पुरत नाहीत, हे संयोजकांना ठाऊक असायला हवं होतं. तेव्हा पियाले भरून घ्या. पुलावाला अजून अवकाश आहे, मी आत्ताच कढईत डोकावून आले.

मामासोली अका वयानं मला मुलासारखे. सहावीत माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचे. नकाशा समोर धरला की उत्तर दिशा कुठली, हे सगळ्यांच्या आधी सांगायचे. पण आज पदाचा मान आहे, म्हणून मीही त्यांना अकाच, थोरला भाऊच म्हणणार आणि अहो-जाहोच करणार. होईल तितका वेळ.

त्यांनी मोहल्ल्यासाठी काय केलं नाही? गल्लीत दिवे लावले. हा चायखाना रंगवून घेतला. लग्न असो की मयत, खुर्च्या आणि कढया वेळेवर पोचल्या. आणि सगळ्यांत मोठा गुण म्हणजे त्यांना प्रत्येक घराची माहिती. कुणाचा मुलगा रशियात आहे, कुणाच्या सुनेचं पटत नाही, कोणती म्हातारी एकटी राहते, तिला कुठलं औषध लागतं, ते कधी संपतं, सगळं तोंडपाठ. आपण कौतुकानं म्हणायचो, प्रमुख असावा तर असा. मीही म्हणायचे. माणसाची इतकी माहिती ठेवणारा माणूस त्या माहितीचं करतो काय, हा प्रश्न तेव्हा आपल्यापैकी कुणाला पडला होता का?

तर त्यांच्या कारकिर्दीतली एक आठवण सांगते. निरोपाच्या भाषणात आठवण सांगायचीच असते.

माझी धाकटी बहीण हुरिनिसो तुमच्यासमोर तिसऱ्या खिडकीपाशी बसली आहे. हुरी, मान वर कर. हिचं घर माझ्या घराला लागून, मधे एकच भिंत. गेल्या वर्षी तिचे यजमान गेले. एकुलती लेक कोकंदला. हुरीनं ठरवलं की हे घर विकायचं आणि कोकंदला लेकीच्या जवळ दोन खोल्या घ्यायच्या. लेकीच्या जवळ, पण जावयाच्या छपराखाली नाही. या दोन्हींत किती अंतर आहे, ते इथल्या बायकांना मी समजावत बसत नाही. घराला रास्त भाव आला तर स्वतःच्या दोन खोल्या. अर्धा आला तर जावयाच्या घरात एक कोपरा, आणि उठता-बसता त्याचा चेहरा बघणं. माझ्या बहिणीचं उरलेलं आयुष्य त्या भावावर टांगलेलं होतं.

आपल्याकडे घर विकायची रीत आहे. आधी मोहल्ल्याच्या प्रमुखाच्या कानावर घालायचं. मग दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना विचारायचं, तुम्हाला हवं आहे का. मगच बाहेर बोलायचं. हुरी रीतीप्रमाणे मामासोली अकांकडे गेली. झुम्रदखाननी तिला जेवू घातलं, निघताना हातात नान दिलं. झुम्रदखानच्या दारातून रिकाम्या हातानं कुणी परतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात! अजून मी सोडून शेजारीपाजारी कुणाला पत्ता नव्हता. हुरी हरखली. मला म्हणाली, "ओपा, बघा, घराचं नशीब!"

चामड्याचं जाकीट घातलेला गृहस्थ होता. जर्दाळू फुलला होता, त्याखाली उभा राहिला तो घराकडे पाठ करून.

"खोला, घर जुनं आहे," म्हणाला. आल्या आल्या 'खोला' म्हणून मावशीचं नातं जोडलं.

"जुनंच आहे. माझ्या सासऱ्यांनी बांधलंय."

"पाडावं लागेल."

"मग घेताय कशाला, बाबा?"

तो हसला आणि त्यानं भाव सांगितला. बरोबर अर्धा. वर म्हणाला, "हिवाळा आला की एवढंही कुणी देणार नाही. विचार करा."

मी हुरीला सांगितलं, हे बघ, सुरुवातीला येणारा पडेल भाव म्हणजे कुणीतरी तुझी नाडी बघतंय. घाई आहे का, भीती आहे का, मागे माणूस आहे का, एवढंच त्याला बघायचं असतं. रागावू नकोस. 'माझ्या घराचा अपमान केला' असं मनाला लावून घेऊ नकोस. आणि घाबरून आपला भावही उतरवू नकोस. चहा पाज, 'बघू' म्हण, आणि हात मात्र हातात देऊ नकोस. आपल्याकडे एकदा हातात हात दिला आणि 'बरकत' म्हटलं की कागद होवो न होवो, घर गेलं.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. मंडळी, तुम्ही घर बघायला जाता तेव्हा पहिल्यांदा काय बघता? मान वर करून तुळया बघता. मग पाट बघता, पाणी येतं का, कुठल्या अंगानं येतं. मग शेजाऱ्याकडे जाऊन बसता, माणसं कशी आहेत ते चाचपता. त्या माणसानं तुळया बघितल्या नाहीत. माझ्या दारात पाऊल ठेवलं नाही. त्यानं फाटकापासून शेजारच्या सोतिबोल्दीच्या भिंतीपर्यंत पावलं टाकली आणि गल्लीच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मी मनात म्हटलं, याला घर नको आहे. मग काय हवं आहे?

एर्गश ओता, ऐकू येतंय ना? नाही तर मोठ्यानं बोलते. येतंय म्हणताहेत.

मग एक जोडपं आलं. बाई सुगंधी, गोड बोलणारी. त्यांनी पहिल्यापेक्षाही कमी सांगितलं. हुरीनं शिकवल्याप्रमाणे "बघू" म्हटलं, चहा ओतला. जाता जाता ती बाई हुरीच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "एकट्या राहता ना, खोला? लेक कोकंदला, जावई ट्रकवर. गुडघ्याचं ते औषध या आठवड्यात संपेल तुमचं. कोण आणून देणार?"

ती गेली. हुरीनं औषधाचा डबा उघडून बघितला. मग म्हणाली, "ओपा, मी तिला औषधाचं बोलले नव्हते."

त्या दिवसापासून माझी बहीण भरदिवसा फाटकाला कडी घालायला लागली.

आणि मग पाटाचं पाणी बंद झालं. आपल्याच गल्लीचं. पलीकडची गल्ली वाहत होती. द्राक्षाच्या वेलांची पानं आक्रसली. सोतिबोल्दीचं कुटुंब भरभक्कम, पण तेही घाबरलं आणि मिळेल त्या भावाला विकून मोकळं झालं. आठवडाही झाला नसेल, माणसं आली आणि त्या घराची दारं काढून घेऊन गेली. मग खिडक्या. पण राहायला कुणी आलंच नाही. त्यापुढचं घर गेलं, त्याचंही तसंच. सकाळी मी भाजीला निघाले की दोन्ही घरं तोंडं उघडी टाकून माझ्याकडे बघायची. ज्या अंगणात मी लग्नाची गाणी म्हटली, तिथं एक चप्पल पडली होती, बाकी काही नाही. मला भीती वाटली. स्वतःच्या गल्लीत, ऐन सकाळी, मला भीती वाटली.

अशा वेळी कोण धावून येणार? आपले प्रमुखच. मामासोली अका आले. हुरीच्या ओट्यावर बसले, तिच्या यजमानांसाठी फातिहा म्हटली, डोळे पुसले.

"खोला," म्हणाले, "मी तुमचा मुलगा. मुलगा म्हणून सांगतो, मिळतंय ते घ्या. रस्त्याचं बोलणं चाललंय. एकदा कागद आला की मग हातात काही पडत नाही."

मी विचारलं, "रस्ता कुठून कुठे जाणार?"

"मुअल्लिमा, ते वरचे जाणोत."

"नकाशा आणा. मी वाचते."

"नकाशा अजून नाही झाला."

म्हणजे रस्ता झाला, नकाशा व्हायचाय! माझ्या वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी बाकावर उभं केलं असतं. पण प्रमुख होते, ओट्यावर बसले होते, मी गप्प बसले. त्यांनी उठताना हुरीच्या फाटकाची कडी हलवून बघितली आणि म्हणाले, "ही सैल झालीय, खोला. एकट्या बाईनं जपून राहावं." काळजीच असेल. काळजीनंच म्हणाले असतील, नाही का?

त्यानंतर हुरी मला म्हणाली, "ओपा, मी थकले. पुढचा जो येईल त्याला हो म्हणते." मी तिला काय सांगणार? मी पलीकडच्या भिंतीआड असते. रात्रंदिवस त्या घरात ती असते.

पुढचा आला. सभ्य, टोपी नीट, बोलणं मृदू. म्हणाला, मी तिर्मिझचा, बदली होऊन आलोय, पहाटे निघालो तो थेट इकडेच. भाव सगळ्यांत कमी, पण पैसे आजच्या आज. हुरीनं एर्गश ओतांना घरातला वडील माणूस म्हणून बोलावून घेतलं, कारण हातात हात त्यांनीच द्यायचा होता. दस्तरखान पसरलं. पाहुण्यानं रिकाम्या हातानं येऊ नये, तसा तो आला नव्हता. फडक्यात बांधलेली दोन नानं त्यानं पुढे ठेवली.

"माझ्या आईनं भाजलीत," म्हणाला.

बोलणं झालं. त्यानं हात पुढे केला. एर्गश ओतांचाही हात निघाला. दस्तरखानाच्या मध्यावर आला होता. हुरी भिंतीकडे तोंड करून बसली होती, तिला ते बघायचं नव्हतं. आणि मी यजमानीण म्हणून नान मोडायला फडकं सोडलं.

मंडळी, आपल्याकडे प्रत्येक घराचा नानवर टोचायचा ठसा वेगळा. झुम्रदखानचा ठसा त्यांच्या वडिलांनी स्वतः खिळे ठोकून बनवलेला, आठ पाकळ्यांचं फूल. त्यातल्या एका पाकळीचे खिळे कधीच पडून गेले. तो त्यांनी बदलला नाही, बापाच्या हातचा म्हणून. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक नानवर सात पाकळ्या उमटतात आणि एक रिकामी राहते. आपल्या किती बारशांना, किती चाळिसाव्यांना आपण ते फूल मोडून खाल्लंय!

माझ्या मांडीवर ते फूल होतं. सात पाकळ्या आणि एक रिकामी. आणि नान मधोमध अजून कोमट होतं.

"तिर्मिझहून पहाटे निघालात?" मी विचारलं.

"हो, खोला."

"डोंगर ओलांडून?"

"हो."

"आणि नान कोमट?"

मी म्हटलं, "ओता, हात मागे घ्या. चहा निवतोय." एर्गश ओता कमी ऐकतात असं लोक म्हणतात. तेवढं वाक्य त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं. हात मागे गेला. मग मी पाहुण्याचा पियाला काठोकाठ भरला. आपल्याकडे पाहुण्यानं आता उठावं असं वाटलं की त्याचा पियाला काठोकाठ भरतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यालाही ठाऊक होतं. तो उठला.

आम्ही आरडाओरडा केला नाही. कुणाचं नाव घेतलं नाही. मी फक्त एक नान फडक्यात घेतलं आणि गल्लीत घरोघर गेले. दार उघडलं की फडकं उघडायचे आणि म्हणायचे, हुरीच्या गिऱ्हाइकानं तिर्मिझहून आणलंय. बघणारा बघायचा. "हे तर झुम्रदखानचं," एवढंच म्हणायचा. मग खाली बघायचा, मग सोतिबोल्दीच्या उघड्या घराकडे बघायचा. मला पुढे काही सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून आपल्या गल्लीत कुणीही कुणाच्या हातात हात दिलेला नाही. येणाऱ्याला चहा मिळतो, 'बघू' मिळतं, दुसरं काही मिळत नाही. थोड्याच दिवसांत पाटाला पाणी आपोआप आलं. पाण्यालाही कुणीतरी कळवलं असावं.

झुम्रदखान, मान खाली घालू नका. तुमचा काय दोष? पाहुणा तुमच्या घरून निघाला, तुम्ही त्याला रिकामा जाऊ दिलं नाहीत. एवढंच. तो कुणाच्या दारी निघालाय हे तुम्हाला माहीत होतं का, आणि माहीत असून तुम्ही ती नानं बांधलीत का, हे मी तुम्हाला आयुष्यात कधी विचारणार नाही. पण हुरीची दोन खोल्यांची आशा अजून शाबूत आहे ती तुमच्या हातामुळे. तिनं तुम्हाला सलाम सांगितलाय. ती बघा, छातीवर हात ठेवलाय तिनं.

आता मामासोली अका मोठ्या जागी चालले आहेत. आपल्या प्रांताच्या मुख्य शहरात, जुन्या वस्त्यांतल्या लोकांना नवी घरं देण्याचं काम त्यांच्याकडे आलं आहे. तिथंही मोहल्ले आहेत. तिथंही एकट्या बायका आहेत, त्यांना गुडघे आहेत. ते तिथंही सगळ्यांची माहिती ठेवतील. मघाशी एकानं मला विचारलं, शरीपोव साहेबांचा आपल्या मोहल्ल्याशी काय संबंध? मी म्हटलं, अरे, सोतिबोल्दीचं घर आता त्यांच्याच कंपनीचं आहे, ते आपले शेजारी. साहेब, शेजाऱ्यानं इतक्या दिवसांनी तोंड दाखवलं, बरं वाटलं. आणि तुमच्याबरोबर आलेले ते तिर्मिझचे पाहुणे मागच्या दाराशी उभे आहेत. बसा, भाऊ. निघायची घाई करू नका. त्यांना कुणीतरी पियाला द्या रे. काठोकाठ नको, आज नको.

एर्गश ओतांनी मामासोली अकांच्या खांद्यावर मानाचा अंगरखा, चपान पांघरला. सुंदर चपान आहे, आपल्या बायकांनी शिवलाय. माझ्याकडे एकच काम दिलं आहे. दूरच्या वाटेला निघणारा माणूस नानचा एक घास तोडून जातो, उरलेलं आपण भिंतीला टांगून ठेवतो, आणि तो परत येऊन ते संपवतो. सैन्यात गेलेल्या, रशियात गेलेल्या आपल्या पोरांची नानं घरोघर टांगली आहेत. मग प्रमुखांचं नान का टांगू नये?

मी ते घेऊन आले आहे. या फडक्यात आहे. फडकंही तुमच्याच घरचं, झुम्रदखान, तेही परत द्यायचं राहिलं होतं. नान जरा कडक झालंय. दुसरं मी गल्लीभर फिरवलं होतं, हे मात्र जसंच्या तसं ठेवलं. फेकता येत नव्हतं आणि खाववतही नव्हतं. फूल अजून नीट दिसतंय. पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल. मागच्यांनी बघितलेलंच आहे.

हे या चायखान्याच्या दारावर टांगू. गल्लीत शिरणाऱ्याला याच दारासमोरून जावं लागतं. हुरीचं घर अजून विकायचं आहे, भाव पहिल्या दिवशी होता तोच आहे. ज्याला हवं असेल त्यानं या दारावरून यावं, आधी माझ्याकडे बसावं, मग मान वर करून तुळया बघाव्यात.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि पुलाव निवत असताना बसून राहिलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. म्हातारपणी जीभ सैल होते. एखादा शब्द जास्त गेला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पदरात घ्या.

काय झालं, अका? बघताय काय?

तुझ्याच घरचं आहे, मामासोली. हात पुढे कर.